सलोख्याचा जमाखर्च

पैशाने सर्व काही मिळते, पण माणसाचे मन मिळत नाही, असे आपल्याकडे म्हटले जाते. कीर्तनातून, शाळेच्या निबंधांतून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते, की त्याचा खरेखोटेपणा तपासून पाहावा असे कुणाच्या मनातही येत नाही. यंदा राज्यशास्त्राच्या तासाला आयर्लंडचा विषय निघाला, तेव्हा सरांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली. त्या देशाच्या सरकारचा १९८२ पासून एक छोटासा निधी आहे. तो धरणासाठी नाही, रस्त्यासाठी नाही, सैन्यासाठी तर नाहीच नाही. दुरावलेल्या दोन समाजांतील माणसांनी, सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांनी, एकमेकांशी बोलावे एवढ्यासाठी तो आहे. वर्गात हशा पिकला. "म्हणजे गप्पा मारायला अनुदान!" असे मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले. मला मात्र ही गोष्ट डोक्यातून काढून टाकता येईना. मी ग्रंथालयात जे मिळेल ते वाचू लागले, आणि त्यातून हा लेख तयार झाला.

आयर्लंडचा सारा इतिहास सांगण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे : तुटलेली मने जोडणे हे सरकारी पैशाचे काम आहे काय? आणि असेल, तर तो पैसा नेमका कशावर खर्च होतो व तो कसा द्यावा लागतो?

आयर्लंड हे बेट आपल्याला वाटते तितके परके नाही. १९१६ च्या एप्रिल महिन्यात लोकमान्य टिळकांनी बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन केली आणि त्याच वर्षी ॲनी बेझंट यांनीही आपली लीग काढली. 'होमरूल' हा शब्द मुळात आयरिश लोकांच्या चळवळीचा. आपल्या पुढाऱ्यांनी तो तेथून उचलला. पुढे फाळणीचे दुःखही दोन्ही देशांच्या वाट्याला आले. आयर्लंडची फाळणी आपल्या आधी झाली. १९२० च्या कायद्यान्वये १९२१ साली बेटाचे दोन भाग पडले. तिकडे ज्यांना कौंटी म्हणतात अशा ३२ जिल्ह्यांपैकी उत्तरेकडील ६ जिल्हे ब्रिटनकडे राहिले आणि उरलेल्या २६ जिल्ह्यांचे पुढे स्वतंत्र राष्ट्र झाले. मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांबीची. तिला ना हिमालय आडवा, ना महासागर. शेतांमधून, ओढ्यांवरून ती वेडीवाकडी जाते आणि दोनशेहून अधिक रस्ते तिला ओलांडतात.

उत्तर आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक प्रॉटेस्टंट होते आणि त्यांना ब्रिटनमध्येच राहावयाचे होते. रोमन कॅथॉलिक लोक अल्पसंख्य होते आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे मन दक्षिणेकडे ओढ घेत होते. घरे, नोकऱ्या आणि मतदान यांत आपल्यावर अन्याय होतो म्हणून १९६० नंतरच्या दशकात कॅथॉलिकांनी नागरी हक्कांची चळवळ उभारली. त्या चळवळीच्या मागोमाग दंगली आल्या, सशस्त्र संघटना आल्या, ब्रिटिश लष्कर आले. तीस वर्षे हा संघर्ष चालला आणि त्यात ३,५०० हून अधिक माणसे मारली गेली. ज्या भूभागाची लोकसंख्या तेव्हा अवघी पंधरा लाखांच्या आसपास होती, तेथे हा आकडा केवढा मोठा आहे हे लक्षात घेतले पाहिजे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या कुटुंबाच्या ओळखीत कुणी ना कुणी गेलेला होता.

या काळात सीमेवरचे बहुतेक लहान रस्ते लष्कराने बंद केले. कोठे रस्त्यावर खड्डे पाडले, कोठे काँक्रीटचे ठोकळे टाकले. ज्याचे शेत पलीकडे आणि घर अलीकडे, त्याला कित्येक मैलांचा वळसा पडू लागला. गावकऱ्यांनी काही ठिकाणी स्वतः खड्डे बुजवले आणि लष्कराने ते पुन्हा उकरले. बेलफास्ट शहरात तर १९६९ पासून कॅथॉलिक वस्ती आणि प्रॉटेस्टंट वस्ती यांच्यामध्ये भिंतीच उभ्या राहिल्या. त्यांना नाव मात्र 'शांतता भिंती' असे आहे.

अशा परिस्थितीत सरकारचा पैसा प्रथम आला नाही. प्रथम माणसे आली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. रे डेव्ही नावाचे एक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे युद्धकैदी होते आणि ड्रेस्डेन शहरावरील बाँबवर्षाव त्यांनी पाहिला होता. त्यांनी १९६५ साली, म्हणजे हिंसाचाराचा मोठा भडका उडण्यापूर्वीच, उत्तरेच्या समुद्रकाठी कॉरिमीला हे केंद्र स्थापन केले. दोन्ही समाजांची कुटुंबे तेथे काही दिवस एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत. १९७४ साली दक्षिणेत, डब्लिनजवळच्या डोंगरात, ग्लेनक्री येथे असेच केंद्र निघाले. आयरिश बंडखोरांवर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांनी बांधलेल्या जुन्या बराकीत ते भरते, ही त्यातली गंमत. १९७९ साली ब्रेंडन ओरेगन यांनी 'को-ऑपरेशन नॉर्थ' ही संस्था काढली. शॅनन विमानतळावर जगातले पहिले करमुक्त दुकान सुरू करणारे ते हेच गृहस्थ. राजकारणाला हात न लावता उत्तर-दक्षिणेच्या शाळा, क्रीडामंडळे, व्यापारी यांची गाठ घालून द्यावयाची, असा या संस्थेचा बाणा होता. बेलफास्ट ते डब्लिन अशी तिची सायकलफेरी प्रसिद्ध आहे. तीत हजारो लोक भाग घेत.

या संस्था देणग्यांवर चालत. परंतु देणगी ही पावसासारखी असते. ज्या आठवड्यात बाँब फुटला त्या आठवड्यात लोक हळहळून पैसे देतात. दोन महिन्यांनी विसरतात. बोलणी मात्र दोन महिन्यांनीही चालू राहावी लागतात. येथे सरकारचा प्रवेश झाला.

डब्लिनच्या सरकारने १९८२ साली जो निधी सुरू केला, त्याला आपण 'सलोखा निधी' म्हणू. तो परराष्ट्र खात्याच्या हाती आहे. उत्तर आयर्लंडमधील दोन समाजांत, बेटाच्या उत्तर-दक्षिण भागांत, तसेच आयर्लंड व ब्रिटन यांच्यात चांगले संबंध निर्माण करणाऱ्या बिनसरकारी संस्थांना त्यातून पैसे मिळतात. रक्कम फार नाही. २०१० नंतरच्या दशकात बराच काळ ती वर्षाला २७ लाख युरोंच्या आसपास होती, पुढे ती वाढविण्यात आली. एखाद्या मोठ्या रस्त्याच्या खर्चाशी तुलना केली तर हा चिल्लर पैसा होय. तथापि तो लहान असण्यालाही अर्थ होता. त्या काळी आयर्लंडच्या घटनेतच उत्तरेच्या भूमीवर हक्क सांगितलेला होता. ते कलम बदलण्यास १९९८ चा करार यावा लागला. जो शेजारी माझ्या घरावर हक्क सांगतो, त्याने थैली घेऊन दारात यावे, तर मला काय वाटेल? म्हणून पैसा थोडा, गाजावाजा न करता, पक्षाला न देता स्थानिक संस्थेला देण्याची रीत पडली.

दुसरे पाऊल दोन्ही सरकारांनी मिळून टाकले. १५ नोव्हेंबर १९८५ रोजी ब्रिटन व आयर्लंड यांच्यात करार झाला आणि त्यानंतर १९८६ साली 'आंतरराष्ट्रीय आयर्लंड निधी' स्थापन झाला. त्याचे मंडळ दोन्ही सरकारे मिळून नेमतात, पण पैसा बाहेरचा : अमेरिका, युरोपीय समुदाय, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा. उत्तरेच्या सहा जिल्ह्यांना आणि सीमेलगतच्या दक्षिणेकडील सहा जिल्ह्यांना तो मिळतो. आजवर त्यातून ९० कोटी युरोंहून अधिक रक्कम खर्च झालेली आहे.

तिसरे आणि सर्वांत मोठे पाऊल युरोपचे. जॉन ह्यूम हे डेरीचे पुढारी १९७९ मध्ये युरोपीय संसदेवर निवडून गेले. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग आणि जर्मनीतील केल या गावांमधल्या पुलावर उभे राहून आपल्या मनात काय आले, ते त्यांनी पुढे आपल्या नोबेल भाषणातही सांगितले आहे. शतकानुशतके एकमेकांना मारणारे दोन देश जर आज पायी चालत एकमेकांकडे जाऊ शकतात, तर आम्हांला ते का जमू नये, असा त्यांच्या विचाराचा आशय होता. १९९४ मध्ये सशस्त्र संघटनांनी शस्त्रसंधी जाहीर केली, तेव्हा युरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाक देलॉर यांनी उत्तर आयर्लंडच्या तिन्ही युरोपीय खासदारांचा सल्ला घेतला. ह्यूम एका टोकाचे, इयन पेस्ली दुसऱ्या टोकाचे आणि तिसरे जिम निकल्सन. एरवी एका व्यासपीठावर बसणे कठीण अशी ही माणसे या कामात एकत्र आली आणि १९९५ पासून युरोपचा 'पीस' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात युरोपने सुमारे ५० कोटी दिले.

त्याची वाटणी करण्याची पद्धत मला फार विचारपूर्वक ठरविलेली वाटते. उत्तर आयर्लंडच्या प्रत्येक नगर-जिल्ह्यात एक भागीदारी मंडळ नेमले गेले. त्यात एक तृतीयांश जागा निवडून आलेल्या सभासदांना, एक तृतीयांश स्वयंसेवी संस्थांना आणि एक तृतीयांश व्यापारी, कामगार संघटना इत्यादींना. म्हणजे पैसा वाटण्यासाठीदेखील दोन्ही बाजूंच्या माणसांना एका टेबलाशी बसावे लागे. नाटकाचे तिकीट मिळवण्यासाठी रांगेत उभे राहिलेल्या लोकांचीच ओळख व्हावी, तसे हे झाले. खर्च व्हायच्या आधीच पैशाने आपले अर्धे काम केलेले असे.

शेवटी १० एप्रिल १९९८ चा करार आला. गुड फ्रायडे करार म्हणून तो ओळखला जातो. त्याच वर्षी २२ मे रोजी दोन्हीकडे सार्वमत झाले. उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के लोकांनी त्याला होकार दिला. ह्यूम आणि प्रॉटेस्टंटांच्या मोठ्या पक्षाचे पुढारी डेव्हिड ट्रिंबल यांना मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या करारात सलोख्याचे काम करणाऱ्या संस्थांविषयी एक लहानसे कलम आहे, ते फारसे कुणी वाचत नाही. या संस्थांचे कार्य मोलाचे आहे, आमचा त्यांना पाठिंबा राहील आणि वाढीव आर्थिक साहाय्याचा विचार अनुकूलतेने केला जाईल, असे त्यात मान्य केलेले आहे. म्हणजे बंदुका, तुरुंग, पोलीस, विधिमंडळ अशा मोठ्या विषयांच्या पंक्तीला चहापाण्याच्या बैठकीचा खर्चही बसविला गेला.

आता या पैशातून होते तरी काय? येथे मला घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझी आई गावातल्या महिला बचतगटात आहे. तिला सही करता येते, पण हिशेब लिहिता येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे आठवीत असल्यापासून त्या गटाची वही माझ्याकडे आहे. वहीच्या जमेच्या बाजूला फार काही नसते. खर्चाच्या बाजूला मात्र बारीकसारीक नोंदी असतात : मेळाव्याला जाण्याचे जीपभाडे, चहा-साखर, सतरंजीचे भाडे. ज्या महिन्यात जीपभाडे जमत नाही, त्या महिन्यात बायकांच्या मनात कितीही प्रेम असले तरी तालुक्याला कुणी जात नाही. शिवाय गेलेल्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. तिची नोंद आमच्या वहीत नाही.

म्हणून बेलफास्टच्या महिला केंद्रांविषयी आणि मुलांच्या सहलींविषयी वाचताना मला त्यांचा खर्च परका वाटला नाही. बसचे भाडे, दोन्ही समाजांना आपली न वाटणारी, पण दोघांनाही भीती न वाटणारी एखादी खोली, आयांच्या बैठकीच्या वेळी मुले सांभाळणारी बाई, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक पगारी कार्यकर्ता, की जो उद्या दंगल झाली तरी परवा फोन उचलेल. अनुदान यासाठी लागते. सुखवस्तू माणसांना सलोख्यासाठी सरकारची गरज पडत नाही. डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी हे परिषदेत भेटतात, परदेशात भेटतात, एकमेकांकडे जेवायला जातात. परंतु तीस वर्षांच्या त्या संघर्षात सर्वाधिक मार बसला तो कामगारांच्या वस्त्यांना. एका बाजूला कॅथॉलिकांचा फॉल्स रस्ता, दुसऱ्या बाजूला प्रॉटेस्टंटांचा शांकिल रस्ता, आणि मध्ये भिंत. ज्यांनी सर्वांत जास्त गमावले, त्यांच्याचजवळ भेटीला जाण्याचे भाडे सर्वांत कमी. मनाला भाडे लागत नाही हे खरे, बसला लागते.

या योजनेवर आक्षेप पुष्कळ घेतले गेले आणि ते सगळेच पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप लाचेचा. १९८६ चा आंतरराष्ट्रीय निधी आला, तेव्हा प्रॉटेस्टंट समाजातील अनेकांनी त्याकडे संशयाने पाहिले. आदल्या वर्षीचा जो करार आपल्याला न विचारता केला, तो गळी उतरवण्यासाठी हा पैसा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या संशयाला उत्तर भाषणाने मिळाले नाही. वर्षामागून वर्षे दोन्ही वस्त्यांना सारख्याच नियमाने पैसे मिळत गेले, तेव्हा तो हळूहळू कमी झाला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जो हात देतो, तो हात काढूनही घेऊ शकतो. १९८५ च्या जून महिन्यात उत्तर आयर्लंडचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री डग्लस हर्ड यांनी जाहीर केले, की ज्या संस्थांना पैसे दिल्याने सशस्त्र संघटनांचे बळ वाढण्याचा धोका आहे, त्यांना अनुदान मिळणार नाही. वरवर पाहता हे योग्यच वाटते. परंतु गरीब कॅथॉलिक वस्त्यांतील काही संस्थांचे अनुदान या धोरणाखाली बंद झाले; आयरिश भाषेचे काम करणाऱ्या पश्चिम बेलफास्टच्या एका संस्थेचे १९९० मध्ये बंद झाले आणि १९९२ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्याच सुमारास बेलफास्टच्या नगरसभेने फॉल्स रस्त्यावरील महिला केंद्राचे पैसे तोडले. तेव्हा त्यांच्या बाजूने कोण उभे राहिले? भिंतीपलीकडचे शांकिल रस्त्यावरील महिला केंद्र. आज त्यांचे तोडले, उद्या आमचे तोडाल, हे त्या प्रॉटेस्टंट बायकांनी ओळखले. यातूनच शहरातील महिला केंद्रांचे एक संयुक्त मंडळ उभे राहिले. अनुदानाने जवळ आणले नाही, ते अनुदान तोडल्याने जवळ आणले, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. पण ती दोन केंद्रे मुळात अस्तित्वात होती, त्यांच्याजवळ दार होते, टेबल होते, म्हणून त्यांना एकमेकींच्या बाजूने उभे राहता आले, हेही विसरता कामा नये.

तिसरा आक्षेप कागदांचा. अर्ज, अंदाजपत्रक, पावत्या, अहवाल, तपासणी. पैसा एका वर्षाचा वा तीन वर्षांचा असतो आणि माणसाचे मन काही मार्चअखेर बदलत नाही. किती लोक आले, हे अहवालात लिहिता येते. किती लोकांचा द्वेष कमी झाला, हे लिहायला रकाना नसतो. ज्या संस्थांना चांगला अर्ज लिहिता येतो त्यांना पैसे मिळतात, आणि ज्यांना खरी गरज असते त्यांना कधीकधी अर्जच लिहिता येत नाही. आईच्या गटाची वही लिहिताना हे मी फार जवळून पाहिले आहे.

चौथा आक्षेप असा, की एवढे करून मिळवले काय? बेलफास्टच्या भिंती अजून उभ्या आहेत. २०२३ पर्यंत त्या सगळ्या काढू, असे तेथील सरकारने २०१३ मध्ये जाहीर केले होते. ती मुदत टळून गेली. दोन्ही समाजांची मुले एकत्र शिकतील अशी पहिली शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ मध्ये २८ मुलांवर सुरू झाली. परंतु आजही बहुसंख्य मुले आपापल्या समाजाच्याच शाळेत जातात.

या आक्षेपांना माझे उत्तर असे आहे. सलोख्याच्या वहीत एक अडचण कायमची आहे. खर्च झालेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळते, पण न घडलेल्या गोष्टीची पावती मिळत नाही. जो बाँब फुटला नाही, जो मुलगा टोळीत गेला नाही, जी अफवा दोन कार्यकर्त्यांच्या एका फोनवर विरली, ती जमेला मांडणार कशी? म्हणून असल्या खर्चाचे मोल शांततेच्या दिवसांत कळत नाही. ताण आला म्हणजे कळते.

तसा ताण पुढे आलाही. २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंडच्या जवळपास ५६ टक्के मतदारांनी मात्र राहावे असे म्हटले होते. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. आता आयर्लंडमधील सीमा ही युरोपीय संघाची सीमा झाली. तेथे पुन्हा चौक्या येणार काय, ही भीती सर्वांना वाटू लागली. अशा वेळी जुना पैसा बंद पडणे अगदी साहजिक होते. तसे झाले नाही. युरोपीय संघ, ब्रिटन आणि आयर्लंड यांनी मिळून २०२१ ते २०२७ या काळासाठी 'पीसप्लस' हा सुमारे ११० कोटी युरोंचा कार्यक्रम चालू ठेवला. भांडून वेगळ्या झालेल्या पक्षांनी एका गोष्टीचे बिल मात्र एकत्र भरावयाचे ठरवले, याला मी लहान गोष्ट मानत नाही. आयर्लंडच्या सरकारनेही, मिहॉल मार्टिन पंतप्रधान असताना, २०२० साली 'सामाईक बेट' या नावाने स्वतंत्र निधी काढला. प्रथम ५० कोटी युरोंचा असलेला हा निधी पुढे २०३० पर्यंत १०० कोटींचा करण्यात आला.

त्या निधीतून होत असलेल्या एका कामाचा उल्लेख करून हा लेख संपवते. सीमेच्या पूर्व टोकाला कार्लिंगफर्डची खाडी आहे. तिच्या मुखाकडून आत आले, की पाणी अरुंद होते. त्या जागेचे नावच नॅरो वॉटर. एका काठावर दक्षिणेचा लाउथ जिल्हा, दुसऱ्यावर उत्तरेचा डाऊन जिल्हा. याच ठिकाणी २७ ऑगस्ट १९७९ रोजी दोन बाँबस्फोटांत १८ ब्रिटिश सैनिक ठार झाले. तेथे पूल व्हावा ही दोन्ही काठांवरच्या लोकांची फार जुनी मागणी. २०१३ मध्ये युरोपचे पैसे मंजूर होऊनही खर्च वाढल्यामुळे ते काम बारगळले. पण मागणी करणाऱ्या लोकांनी ती सोडली नाही, आणि २०२४ मध्ये सामाईक बेटाच्या निधीतून पुलाच्या बांधकामाला सुरुवात झाली. पुलासाठी दहा कोटी युरो लागतात हे कुणालाही पटते, कारण पूल डोळ्यांना दिसतो. परंतु दोन काठांवरची माणसे तो पूल एकत्र मागत राहावीत, यासाठी त्याआधी कित्येक वर्षे कुठेतरी खोलीचे भाडे आणि चहाचे पैसे भरले गेलेले असतात. ते दिसत नाहीत.

पैशाने मन विकत मिळत नाही, हे वचन खोटे नाही. ते अपुरे आहे. मन विकत मिळत नाही, पण दोन मनांच्या मध्ये जे अंतर असते ते तोडायला खर्च येतो, आणि तो खर्च गरिबाला परवडत नाही. तेथे सरकारने यावे. थोडे द्यावे, पण दरवर्षी द्यावे. दोघांना सारख्या नियमाने द्यावे. दिल्यावर आपले नाव मोठ्या अक्षरांत लिहू नये, आणि एका दंगलीने घाबरून हात आखडता घेऊ नये. पुढचे काम माणसांचे आहे. ते पूर्वीही त्यांचेच होते; फक्त त्यांच्याजवळ परतीच्या बसचे पैसे नव्हते.

— द्वितीय वर्ष कला